रेखाचित्राच्या कोपऱ्यातली नावं

प्रत्येक रेखाचित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. प्रकल्पाचं नाव, प्रमाण, तारीख, आणि त्याखाली सह्यांच्या ओळी: ड्रॉन बाय, ट्रेस्ड बाय, चेक्ड बाय, मग उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता. पाटबंधारे खात्यातली माझी सगळी नोकरी त्यातल्या दुसऱ्या ओळीत गेली. मी अनुरेखक होते. पेन्सिलीच्या मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा, रॉट्रिंगच्या पेनानं एकेक रेघ शाईत उतरवायची, जाड झालेली रेघ ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडायची. अमोनिया प्रिंटच्या खोलीतून बाहेर येताना सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असायचे. पेंचच्या कालव्यांचे उभे-आडवे छेद आमच्या टेबलावरून गेले. आज नागपूरच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं पुष्कळसं त्याच पेंचचं आहे.

निवृत्तीनंतर कॉलनीतली मुलं संध्याकाळी अंगणात जमायला लागली, तेव्हा मी त्यांना ती चौकट दाखवली. घरी एक जुनी रद्द झालेली प्रिंट होती. मुलांनी धरण पाहिलं नाही, कालवा पाहिला नाही, आधी नावंच वाचली. "आजी, एवढ्या लोकांनी मिळून एकच चित्र काढलं?" असं सहावीतल्या एका मुलीनं विचारलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या नागपुरात आठवीतल्या मुलाला आयआयटीच्या फाउंडेशन क्लासला घालतात. त्याला प्रमेयं येतात, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका येतात. पण ज्या उड्डाणपुलाखालून तो रोज क्लासला जातो तो पूल उभा कसा आहे, हे त्याला कोणी थांबवून दाखवलेलं नसतं. "इंजिनिअर हो" म्हणणारे घरोघरी आहेत. इंजिनिअर काय करतो हे दाखवायला कोणाला वेळ नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आयफेल टॉवरची उंची असते, बुर्ज खलिफाची उंची असते, माणूस मात्र एकही नसतो. पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव असतं. मुलांना वाटतं, मोठ्या वास्तू आपोआप होतात, किंवा सरकार नावाचं कोणीतरी त्या करतं. मला हे मनापासून लागतं, कारण मी ती कामं करणारी माणसं रोज पाहिली आहेत. टेबलावर डबा उघडून जेवणारी, स्लाइड रूलवर आकडे जुळवणारी, साइटवरून चिखलाचे बूट घालून येणारी.

म्हणून मी मुलांना आधी नाव सांगते, मग त्या माणसापुढची अडचण, आणि इमारत किंवा पूल शेवटी.

सुरुवात वर्धा रोडपासून केली, कारण तो जवळ आहे. रविवारी सकाळी गर्दी नसताना उज्ज्वलनगर स्टेशनपाशी फुटपाथवर उभं राहायचं आणि नुसतं वर बघायचं. खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, आणि दोन्हींचं ओझं एकाच रांगेतल्या खांबांवर. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या डबल-डेकर पुलाची २०२२ साली गिनीजमध्ये नोंद झाली. लांबी ऐकल्याबरोबर नववीतला एक पोरगा ओरडला, "पाय! गणितातला पाय!" मग सगळ्यांनी तो आकडा पाठ केला. पण मला त्यांना विक्रम दाखवायचा नव्हता. मला दाखवायची होती खांबाच्या डोक्यावरची ती फट.

गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, खांबावर सरळ टेकलेला नसतो. मधे बेअरिंग, म्हणजे उशीसारखी एक बैठक, असतं. दोन गर्डरांच्या मधे सांधा मोकळा ठेवलेला असतो. का? मुलांनी बरेच अंदाज केले: भूकंपासाठी, पाणी जाण्यासाठी, चुकून राहिली असेल. मग मी विचारलं, नागपूरचा मे महिना आठवतो का? आणि डिसेंबरची पहाट? ३० मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर ३५ अंशांनी तापला तर साधारण एक सेंटीमीटर लांब होतो. प्रत्येकानं आपली करंगळी त्या सेंटीमीटरला लावून पाहिली. एवढीशी लांबी, पण तिला जागा दिली नाही तर एवढा मोठा पूल स्वतःलाच ढकलू लागेल. कोणीतरी टेबलावर बसून हा हिशेब केला, कोणीतरी तो तपासला, आणि कोणीतरी रात्रीच्या पाळीत क्रेनखाली उभं राहून ते बेअरिंग नेमक्या जागी बसवलं. हे तिन्ही लोक वेगळे. तिघांपैकी एक जरी हयगय करता तरी भागलं नसतं.

गड्डीगोदामला तर चार पातळ्या आहेत. खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. तिथे मुलांनी एकच प्रश्न धरून ठेवला: रेल्वे बंद न करता वरचं काम कसं केलं? उत्तर मी लगेच दिलं नाही. त्यांना घरी कागदावर काढायला लावलं. गाड्या चालू असताना रुळांवर काय काय ठेवता येणार नाही याची यादी आधी करा, म्हटलं. यादी लांब झाली, आणि मग एका मुलीला स्वतःच सुचलं की पोलादी पूल बाजूला जोडून, मग गाड्या नसतील तेवढ्या वेळात वर न्यावा लागेल. रेल्वे अशा वेळेला ब्लॉक म्हणते. ब्लॉक मिळवण्यासाठी किती पत्रं लिहावी लागतात, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसालाच ठाऊक! तेही सांगितलं. पत्र लिहिणारासुद्धा पूल बांधत असतो.

मग कोणीतरी विचारतंच, "नदीत खांब कसे उभे करतात वो? पाण्यात खोदता येते का?"

या प्रश्नाला बादली लागते. काचेच्या पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, पेला उपडा करून सरळ पाण्यात बुडवायचा, मग सरळ वर काढायचा. कागद कोरडा. आत अडकलेली हवा पाण्याला येऊ देत नाही. आता पेल्याच्या जागी घराएवढी लाकडी पेटी, आणि तिच्यात फावडी घेतलेली माणसं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये असे खणले. पेटीत दाबाखालची हवा भरायची, माणसं नदीच्या तळाशी माती काढायची, पेटी हळूहळू खाली जायची. पण त्या दाबातून माणूस घाईनं वर आला की रक्तात बुडबुडे धरतात. सांधे आखडतात, अंग लुळं पडतं, काही जण मरतात. तेव्हा याचं कारण धड कोणाला कळलेलं नव्हतं.

या पुलाची गोष्ट मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. पुलाची मूळ कल्पना जॉन रोबलिंग यांची. १८६९ साली जागेची पाहणी करताना बोट धक्क्याला लागली, त्यात त्यांचा पाय चिरडला, धनुर्वात झाला आणि ते गेले. काम मुलाकडे, वॉशिंग्टनकडे आलं. तो स्वतः पेट्यांमध्ये उतरायचा. १८७२ साली त्यालाही त्या आजारानं गाठलं आणि तो अंथरुणाला खिळला. तो खोलीच्या खिडकीतून दुर्बिणीनं पूल बघायचा. आणि साइटवर जायची त्याची बायको, एमिली. निरोप नेता-आणता ती गणित शिकली, पोलादाची ताकद शिकली, टांगलेल्या तारेचा बाक कसा काढतात ते शिकली, इंजिनिअरांशी आणि ठेकेदारांशी बोलू लागली. असं दहाहून अधिक वर्षं चाललं. १८८३ च्या मे महिन्यात पूल खुला झाला. घोडागाडीतून तो सर्वांत आधी ओलांडणाऱ्यांत एमिली होती, विजयाची खूण म्हणून सोबत एक कोंबडा घेऊन.

कोंबड्यावर लहान मुलं खूश होतात. मोठ्या मुली मात्र गप्प बसून पुढचं ऐकतात. त्यांच्यासाठी मी आपल्याकडची गोष्ट काढते. बोरघाटातल्या रेल्वेचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. ठेका सोडून परत जायच्याऐवजी त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, तो आपल्या नावावर चालू ठेवला. जाणकार माणसं नेमली, आणि १८६३ साली घाट रेल्वेसाठी खुला झाला. त्या घाटात एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर राबत होते. हजारो माणसं पटकीनं आणि तापानं तिथेच गेली. त्यांची नावं कुठल्याच चौकटीत नाहीत. हे मी मुलांपासून लपवत नाही. अॅलिसचं कौतुक करायचं आणि त्या माणसांबद्दल गप्प राहायचं, असं मला जमत नाही.

आयफेल टॉवरवर मात्र नावं आहेत. पहिल्या मजल्याच्या खाली चारही बाजूंना फ्रान्सच्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं मोठ्या अक्षरांत कोरली गेली. टॉवरचं पहिलं रेखाटन गुस्ताव्ह आयफेलचं नव्हे. त्याच्या कंपनीतल्या मोरिस कोश्लँ आणि एमिल नूगिए या दोन इंजिनिअरांच्या डोक्यातून तो निघाला. हे ऐकल्यावर एका मुलानं फार नेमकं विचारलं, "मग त्याचं नाव कोश्लँ टॉवर काहून नाही?" कंपनी आयफेलची होती, पैसा उभा करणं, विरोधकांशी भांडणं, काम तडीस नेणं त्यानं केलं, हे खरं. पण मुलाचा प्रश्नही खराच. आणि ७२ नावांत एकही बाई नव्हती. लवचीक पत्र्यांचं गणित मांडणाऱ्या सोफी जेर्मेंचं नावसुद्धा नाही. आमच्या मुलींनी त्यावर वहीत स्वतःची यादी सुरू केली आहे. यादीतलं पहिलं नाव त्यांनी ठरवलं, शकुंतला भगत.

मला त्याचा आनंद झाला, कारण हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५३ साली पदवी घेतलेल्या, देशातल्या पहिल्या महिला स्थापत्य अभियंता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत त्यांनी क्वाड्रिकॉन नावाची पद्धत काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे, डोंगरात वाहून न्यायचे आणि जागेवर जोडायचे. तेच भाग वापरून लहान पूलही होतो, मोठाही होतो. १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत असा पूल उभा राहिला.

हे समजावायला माझ्याकडे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब असते. ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, त्यात काड्या खोचायच्या. आयआयटी कानपूरला शिकलेल्या अरविंद गुप्ता यांनी १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या खेड्यांतल्या मुलांसाठी हा खेळ रचला. आणि खेळ कोणी रचला हेही मुलांना सांगायचंच! चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की लगेच तिरका होतो. त्यात एक तिरपी काडी घातली, दोन त्रिकोण झाले, की हलत नाही. दाबून बघ, आणखी दाब. मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला कोणत्याही क्लासच्या जाहिरातीत दिसलेलं नाही. त्यानंतर ती मुलं रेल्वेचा पूल, मोबाईलचा टॉवर, शाळेच्या मंडपाच्या कैच्या, सगळीकडे त्रिकोण शोधत फिरतात.

यादीतलं दुसरं नाव जी. माधवी लता. काश्मीरमधला चिनाब पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे आणि त्याची कमान ४६७ मीटरची. पुलाचे फोटो मुलांनी पाहिले होते. कमान ज्या डोंगरावर टेकली आहे तो डोंगर तरी धरून राहील का, हा प्रश्न फोटोत दिसत नाही. तिथला खडक भेगाळलेला, आणि खणल्यावर आत काय निघेल ते आधी पुरतं सांगता येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधवीताई खडक आणि माती यांच्या अभ्यासक. जसं खणलं जाईल, जसं आतलं दिसेल, तसा आराखडा बदलत न्यायचा, उतारात लांब पोलादी सळया रोवून तो बांधून धरायचा, या कामात त्या १७ वर्षं होत्या. पूल २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. एवढा पूल एकट्या माणसाचा कधीच नसतो. पण सतरा वर्षं एकाच डोंगराकडे लक्ष ठेवणारी बाई मुलांना कळली, तर अभ्यास म्हणजे परीक्षेपुरता नसतो हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

दीक्षाभूमीला आम्ही साध्या दिवशी गेलो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जायचंच असतं, पण त्या गर्दीत मान वर करून घुमट बघायला मिळत नाही. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा पोकळ. आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा. १९७८ साली काम सुरू झालं, २००१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं. आत उभं राहून मी विचारलं, एवढं छत मधे खांब नसताना कशावर थांबलंय? घरी येऊन रबरी चेंडू अर्धा कापला, कडेनं चिरा दिल्या आणि वरून दाबला. पाकळ्या बाहेर पसरल्या. कडेभोवती रबर बँड लावला आणि पुन्हा दाबला. आता पसरत नाही. घुमट खाली दाबतो आणि कडेला बाहेरही ढकलतो. त्या बाहेरच्या ढकलण्याला कोणीतरी धरून ठेवावं लागतं. एक मुलगा दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊन पुन्हा दीक्षाभूमीला गेला, त्यांना हे समजावून सांगायला.

झिरो माइलला सगळे फोटो काढतात. चार घोडे आणि वाळूच्या दगडाचा खांब, १९०७ सालचा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी, म्हणजे त्रिकोण रचत देश मोजण्याच्या कामाशी, जोडलेला. पण त्या सर्वेक्षणाचा जनक आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर पुरलेला आहे हे नागपुरात फार थोड्यांना माहीत असतं. विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ पहिली रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा. तंजावरला देवळाच्या उंच शिखरावर चढवताना दोर तुटून तो आदळला आणि वाकला, तेव्हा त्यानं तंबूत बसून, एकेक भाग सुटा करून, तो स्वतः नीट केला. नागपूरच्या वाटेवर १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याच त्रिकोणांच्या साखळीवरून पुढे १८५२ साली राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं ते कळलं. आम्ही कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवर हेच करतो. कोनमापक, कोल्ड्रिंकची नळी आणि दोऱ्याला बांधलेला खडा. टाकीचं टोक ४५ अंशांवर दिसेल तिथे थांबायचं, टाकीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. झाली टाकीची उंची. टाकीवर चढायची गरज नाही.

आणि मिस्त्री. आमच्या गल्लीत एका घराचं काम चालू होतं. मालकाची परवानगी घेऊन, मिस्त्रींच्या जेवणाच्या सुट्टीनंतर, मुलांना कुंपणाबाहेर उभं केलं. मिस्त्रींनी ओळंबा दाखवला, गुण्या दाखवला, पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन खांबांना लावून पातळी कशी घेतात ते दाखवलं. मग पायाची आखणी. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार. "आता तिरपं मोज पोरी. पाच आलं पायजे. नाही आलं त कोपरा काटकोनात नाही." आठवीतली मुलगी एकदम म्हणाली, "हे तर पायथागोरस!" मिस्त्रींनी मान हलवली आणि तिच्या हातात टेप दिला. पुढचा कोपरा तिनं मोजला. ती मुलगी आता भूमितीच्या पुस्तकाला घाबरत नाही. तिच्या आईनंच सांगितलं.

मुलांना एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच बजावते. चालू बांधकामात पाय ठेवायचा नाही, बाहेरून बघायचं. ज्यांना आत जाण्याचा अधिकार आहे त्यांनी काय काय घातलंय ते मात्र नीट बघायचं: हेल्मेट, बूट, कमरेचा पट्टा. यानंतर आमच्या एका मुलाचे वडील, जे मेट्रोच्या कामावर वेल्डर होते, अंगणात येऊन मुलांशी बोलले. वेल्डिंगची काच त्यांनी सगळ्यांना डोळ्यांवर धरायला दिली. दोन तुकडे नीट जुळले की नाही हे आवाजावरून कसं कळतं, उंचावर वारा सुटला की काम का थांबवतात, रात्री दोन वाजता झोप कशी घालवतात. मुलांनी त्यांना अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

मला असे आणखी लोक हवे आहेत. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतलं कोणी सर्व्हेअर असेल, क्रेन चालवणारं असेल, सळई बांधणारं, पंपहाउसवरचं, रेल्वेच्या गँगमधलं, नकाशे काढणारं, निवृत्त असो वा नोकरीतलं, तर मुलांसाठी एक सकाळ काढा. भाषण नको. हातातलं हत्यार किंवा जुनी वही आणा आणि कामावरच्या एका अडचणीबद्दल सांगा. आम्ही रविवारी सकाळी साडेसातला बसतो, उन्हं चढायच्या आत. तर्री-पोहे माझ्याकडून.